कंपनीच्या रिमवर व्हील स्पेसर: कोकणातल्या गाडीला सुरक्षित कसे बसवायचे

स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा फिरणारा भाग) आणि रिम यांच्या मधे बसणारी अ‍ॅल्युमिनियमची चकती. ती आपल्या जाडीएवढं चाक बाहेर ढकलते, ५ मिमीची लावली तर चाक ५ मिमी बाहेर, दोन्ही बाजूंना लावली की ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १० मिमीने वाढला. काम एवढं सोपं दिसतं म्हणूनच लोक घाईघाईत उरकतात, पण लक्षात घ्या की अख्खं चाक ज्या चार-पाच स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या, नट चढतात त्या आटेदार दांड्यांवर) उभं असतं त्याच स्टडच्या पकडीत आपण हात घालतोय. आणि कोकणात त्यात भर पडते खाऱ्या हवेची, चार महिन्यांच्या पावसाची आणि प्रत्येक फटीत जाऊन बसणाऱ्या तांबड्या मातीची. कोल्हापुरात बसवलेला स्पेसर आणि वेंगुर्ल्यात किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीचा स्पेसर, वस्तू एकच असली तरी दोघांची गत वेगळी होते. लोक जाडी विचारत बसतात, १० घेऊ की १५ घेऊ, पण इथे खरा प्रश्न हा आहे की चकती हबच्या तोंडावर किती सपाट आणि किती स्वच्छ बसलीय, नि पुढे तशी राहतेय की नाही. खाली बरंचसं त्याबद्दलच आहे.

लावायचा की नाही, आधी ते ठरवा

रुंद टायर घातला आणि तो आतून शॉकअपला घासायला लागला, किंवा दुसऱ्या मॉडेलची रिम घातली आणि ती ब्रेक कॅलिपरला अडतेय, ही स्पेसर लावायची सरळ कारणं. तिसरं कारण दिसणं, म्हणजे चाक मडगार्डच्या आत खोल बसलंय ते बाहेर दिसावं. त्यातही काही वाईट नाही, पण नुसत्या दिसण्यासाठी ५ ते १० मिमीच्या पुढे जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्याहून जास्त बाहेर काढायचं असेल तर योग्य ऑफसेटची (रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारं तोंड यांतलं अंतर) अलॉय घ्या, तिथे मधे जास्तीचा जोड येतच नाही. चाक जेवढं बाहेर जाईल तेवढा बेअरिंगवर आडवा जोर वाढतो, स्टेअरिंग खड्ड्यात जास्त झटका देतं, आणि आपल्याकडे आंबोली किंवा करूळ घाटात पाच माणसं, वर आंब्याच्या पेट्या अशी भरून गाडी उतरवताना हे सगळं एकदम अंगावर येतं.

आता कायद्याचं, कारण याबद्दल फार कमी लोक बोलतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाने करू नये, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधे याच कलमावर कडक भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मधे परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून आपल्या आरटीओत (रत्नागिरीचं एमएच ०८, सिंधुदुर्गचं एमएच ०७, रायगडसाठी पेण) आधी विचारा, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवता लावलं आणि उद्या चाकाशी संबंधित अपघात झाला तर क्लेमच्या वेळी सर्व्हेयर पहिलं बोट त्या चकतीवर ठेवेल. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शन आणि बेअरिंगच्या वॉरंटीचंही तेच.

मापं

पाच मापं लागतात: पीसीडी, सेंटर बोअर, स्टडचे आटे, नटाची बैठक आणि रिमचा ऑफसेट.

पीसीडी म्हणजे स्टड ज्या वर्तुळावर बसलेत त्याचा व्यास, आणि सेंटर बोअर म्हणजे रिमच्या मधलं भोक, जे हबच्या उंचवट्यावर (गॅरेजमधे सगळे लिप म्हणतात) बसतं. पीसीडी जुळला की झालं असं समजून माणसं फसतात. मारुती स्विफ्टचा पीसीडी ४ बाय १०० (१०० मिमीच्या वर्तुळावर चार स्टड), जुन्या होंडा सिटीचाही ४ बाय १००, म्हणून मित्राकडचे सिटीचे स्पेसर उचलून स्विफ्टला लावले तर ते स्टडवर सहज जातील. पण स्विफ्टचा बोअर ५४.१ मिमी नि सिटीचा ५६.१, म्हणजे चकती हबवर सैल, चाक मधोमध राहणार नाही, आणि महामार्गावर ८०-९० ला स्टेअरिंग थरथरायला लागेल. आटेसुद्धा वेगळे, स्विफ्टचे एम १२ बाय १.२५ (१२ मिमी व्यासाचा स्टड, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) आणि होंडाचे एम १२ बाय १.५, त्यामुळे नटसुद्धा बदलून चालत नाहीत, जबरदस्तीने चढवला तर स्टडचे आटे गेलेच. क्रेटाचा पीसीडी ५ बाय ११४.३ आणि बोअर ६७.१. पोलोचा ५ बाय १००, बोअर ५७.१, आणि तिथे स्टड-नट हा प्रकारच नाही, एम १४ बाय १.५ चे बोल्ट थेट हबमधे जातात. आपल्या गाडीचं माप मॅन्युअलमधून घ्या आणि बोअर व्हर्निअरने स्वतः मोजा, दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

नटाची बैठक म्हणजे नटाचा जो भाग रिमला टेकतो त्याचा आकार. कुठे शंकूसारखा ६० अंशांचा, कुठे गोलसर, कुठे वॉशर असलेला सपाट. रिम कंपनीची आहे ना, मग बैठकही कंपनीच्या नटासारखीच हवी. गोल बैठकीच्या रिमला शंकूचा नट लावला तर तो बारीक कडेवरच टेकतो, टॉर्क (आवळण्याचा पीळ) दिल्यावर घट्ट वाटतो आणि दोनशे किलोमीटरमधे सैल होतो.

ऑफसेट रिमच्या आतल्या बाजूला ईटी लिहून पुढे आकडा असतो. समजा ईटी ४५ आहे आणि १० मिमीचा स्पेसर लावला, तर ऑफसेट झाला ३५. हा आकडा लिहून ठेवा, पुढे अलॉय घ्यायची वेळ आली की उपयोगी पडेल.

जागा किती आहे हे बघायला गवंड्याचा ओळंबा वापरा, नाहीतर दोऱ्याला एक नट बांधा. गाडी सपाट जागी, चाकं सरळ. मडगार्डच्या कडेवरून दोरा टायरच्या मधोमध सोडा आणि दोरा ते टायरचा फुगीर भाग हे अंतर मोजा. समजा १८ मिमी आलं. म्हणून १८ चा स्पेसर बसेल असं नाही, कारण गाडी भरली की बॉडी खाली येते आणि मडगार्डची कड टायरच्या अंगावर उतरते. मी किमान ८ मिमी मोकळे सोडायला सांगेन, म्हणजे इथे १० पुरे. कुटुंब गाडीत बसवून, डिक्की भरून पुन्हा एकदा मोजा. पुढच्या चाकांना स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मडफ्लॅप आणि आतल्या प्लास्टिकच्या लायनरजवळ किती जागा उरते तेही बघा.

कुठला घ्यायचा

तीन प्रकार मिळतात. एक, ३ ते ५ मिमीची साधी चकती, स्वतःचा लिप नसलेली. ही लावल्यावर हबचा मूळ लिप बाहेर ४-५ मिमी तरी उरला पाहिजे, नाहीतर रिमला मधोमध धरायला काहीच राहत नाही. दुसरा हबसेंट्रिक, साधारण १० मिमीपासून पुढे, ज्याला आतून हबच्या मापाचं भोक आणि बाहेरून रिमच्या मापाचा स्वतःचा लिप असतो. घ्यायचा तर हाच, यात तडजोड नको. तिसरा बोल्ट-ऑन, साधारण २० मिमीपासून पुढचा, ज्यात स्पेसर आधी हबच्या स्टडवर नटांनी बसतो आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर.

बोल्ट-ऑन घेताना एक गोष्ट फार जण तपासत नाहीत. गाडीचे मूळ स्टड स्पेसरच्या तोंडाबाहेर डोकावतात का? डोकावत असतील तर रिमच्या पाठीमागे त्यांना शिरायला खळगे हवेत. बऱ्याच अलॉयना नटाच्या भोकांच्या मधे असे खळगे असतात, लोखंडी रिमला बहुतेक नसतात. खळगा नसेल तर रिम स्पेसरवर न टेकता स्टडच्या टोकांवर टेकते, आणि तुम्ही नट कितीही आवळा, चाक अधांतरीच. लोखंडी रिमची पाठ तशीही पूर्ण सपाट नसते, ती कडेच्या वर्तुळावर आणि भोकांभोवती टेकते, म्हणून स्पेसरचा बाहेरचा व्यास त्या टेकायच्या भागापेक्षा लहान नको. पाठीला खडू घासून, रिम स्पेसरवर दाबून उचला, कुठे टेकते ते खडूच्या खुणेवरून लगेच कळतं.

धातू ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियम, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) कापलेलं. ओतीव घेऊ नका. आणि लेथवाल्याकडून भंगारातल्या प्लेटची चकती करून घेऊ नका, तो कितीही चांगला कारागीर असला तरी कुठला मिश्रधातू आहे हे त्यालाही माहीत नसतं, आणि दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर नसली तर चाक डुलतं. एकावर एक दोन स्पेसर किंवा स्पेसरच्या जागी वॉशर, हे तर कधीच नाही.

आटे मोजणं

सगळ्या कामात जीव वाचवणारी पायरी हीच, म्हणून वेळ घ्या. नियम असा की नट स्टडवर निदान स्टडच्या व्यासाएवढा चढला पाहिजे. एम १२ स्टड असेल तर १२ मिमी. फेऱ्यांत सांगायचं तर १.२५ च्या आट्यांना दहा फेरे, १.५ च्या आट्यांना आठ. एम १४ बाय १.५ च्या बोल्टला साडेनऊ.

स्पेसर आणि रिम लावून नट हाताने फिरवा, पहिला आटा पकडल्यापासून रिमला टेकेपर्यंत फेरे मोजा. नटावर मार्करने रेघ मारली की चुकत नाही. प्रत्येक स्टडवर मोजा, एकावर मोजून बाकीचे गृहीत धरू नका. नट आरपार उघडा असेल आणि स्टड त्यातून बाहेर येत असेल तर बाहेर आलेले आटे हिशोबात नाहीत. ५ मिमीचा स्पेसर १.२५ च्या स्टडवर चार फेरे खातो. तुमच्या गाडीला मुळात तेरा फेरे येत असतील तर उरले नऊ, म्हणजे कमी पडले. मग लांब स्टड बसवून घ्या (हबमधून जुना काढून नवा दाबून बसवायचा, प्रेस असलेल्या गॅरेजचं काम) किंवा स्पेसर लावू नका. बोल्टवाल्या गाड्यांना मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीएवढाच जास्त लांब बोल्ट घ्या. त्याहून लांब घेतला तर तो हबच्या मागे बाहेर येऊन आतल्या भागांना लागतो, मागे ड्रम असेल तर ब्रेकच्या शू-स्प्रिंगला. लावल्यावर चाक हाताने पूर्ण गरगर फिरवून आवाज ऐका.

बसवताना

जागा पक्की हवी. पावसाळ्यात अंगणात, मातीत जॅक खचतो, तेव्हा खाली जाड फळी घ्या. हँडब्रेक, गिअर, विरुद्ध टोकाच्या चाकांना दगड. आणि कळकळीने सांगतो, गाडी जांभ्याच्या चिऱ्यांच्या थरावर टेकवू नका. चिरा हाताशी असतो म्हणून मोह होतो, पण तो ठिसूळ, त्यात भिजलेला असेल तर एका कोपऱ्यावर भार आला की सरळ फुटतो. जॅक स्टँड विकत घ्या किंवा गॅरेजमधून मागून आणा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा.

चाक काढलंत की हबचं तोंड नीट बघा. किनाऱ्याकडच्या गाडीत ते तपकिरी पापुद्र्यांनी भरलेलं असतं, आणि जिथे सपाट तोंड संपून लिप सुरू होतो त्या कोपऱ्यात गंजाची एक कडक वर्तुळाकार वळकटी बसलेली असते. वरवर ब्रश फिरवला तर ती तशीच राहते. स्पेसर चढवला की त्याची आतली कड बरोबर त्या वळकटीवर टेकते आणि चकती केसाएवढी तिरकी बसते. डोळ्याला काही दिसत नाही, नट आवळले की बसल्यासारखंच वाटतं, मग पहिल्या पाच-पन्नास खड्ड्यांत ती वळकटी दबते, चुरा होते, आणि तेवढी फट पडून नटांचा ताण जातो. म्हणून तारेचा ब्रश, मग त्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरची चपटी कड, मग बारीक पॉलिश पेपर, शेवटी ब्रेक क्लीनर मारून पांढऱ्या कपड्याने पुसणं. कपड्यावर तांबडा डाग येतोय तोवर काम संपलेलं नाही. रिमची पाठ आणि रिमचं मधलं भोक यांनाही हेच करा, तिथे तांबड्या मातीचा सिमेंटसारखा थर असतो. ग्राइंडर लावून हब घासू नका, तोंड खोलगट होतं.

काही गाड्यांत डिस्क किंवा ड्रम धरायला स्टडवर पातळ पत्र्याची वॉशर किंवा हबवर छोटा स्क्रू असतो. वॉशर काढून टाका, स्क्रूचं डोकं तोंडाच्या पातळीत आहे ना बघा, वर असेल तर स्पेसर तिथे डुगडुगेल.

आता स्पेसर नुसता हाताने बसवा, नटाशिवाय. चारही बाजूंनी अंगठ्याने दाबून बघा, जराही डुगडुगता कामा नये. कडेने कागदाचा तुकडा सरकवून बघा, कुठेही आत जाता कामा नये. जात असेल तर परत काढा, परत साफ करा. हातोडीने ठोकून बसवायची गरज पडतेय म्हणजे बोअर चुकीचा आहे किंवा गंज राहिलाय.

लोखंडी हब आणि अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर यांच्यात खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं आणि पांढरी भुकटी धरतं. ती भुकटी जागा मागते, चकती हबला जाम करते. त्यासाठी हबच्या लिपवर सिरॅमिक अँटीसीझचा (धातू एकमेकांना जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात फिरवा, तोंडावर पुसून काढल्यासारखा अगदी नावापुरता. अ‍ॅल्युमिनियमला तांब्याच्या पेस्टपेक्षा सिरॅमिक बरं. स्टडचे आटे, नटाची बैठक आणि ब्रेक डिस्क यांना मात्र काही लागता कामा नये. आट्यांना तेल-ग्रीस असलं की त्याच टॉर्कवर स्टड कितीतरी जास्त ताणला जातो.

नट सगळे हाताने चढवा, अडला तर उलटा फिरवून परत, पाना लावून ढकलू नका. मग समोरासमोरच्या क्रमाने, पाच असतील तर चांदणीच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. गाडी टेकवून टॉर्क रेंचने शेवटचा टॉर्क द्या. आकडा तुमच्या मॅन्युअलमधला, छोट्या गाड्यांना बहुतेक ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. एकदम शेवटच्या आकड्यावर जाऊ नका, आधी साधारण निम्म्यावर सगळे, मग पूर्ण. पाय देऊन पान्यावर उभं राहणं आणि हवेची गन, दोन्ही टाळा. बोल्ट-ऑन स्पेसरला हे दोनदा करायचं, आधी आतले नट, मग चाकाचे. एका अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंना सारखीच जाडी हवी.

नंतर

पहिले काही किलोमीटर गावातल्या गावात, हळू. घासल्याचा वास किंवा आवाज येतो का, स्टेअरिंग एका बाजूला ओढतं का बघा. ५० ते १०० किमी झाले की चाकं थंड असताना पुन्हा टॉर्क तपासा, घाट उतरून आल्या आल्या नको, ब्रेकच्या उष्णतेने हब तापलेला असतो. बोल्ट-ऑनला यासाठी चाक काढावंच लागतं, कारण आतले नट चाकामागे लपलेले असतात, आणि नेमकं म्हणूनच हा टप्पा लोक गाळतात. गाळू नका. चाक फिरताना टक-टक आवाज आला किंवा अचानक थरथर सुरू झाली तर पुढचं गाव गाठतो म्हणू नका, तिथेच बाजूला घ्या. कशेडीत किंवा परशुराम घाटात असाल तरी.

इथल्या हवेत वर्षातून दोनदा स्पेसर पूर्ण उतरवून बघा, एकदा मे अखेरीस पाऊस लागण्याआधी आणि एकदा गणपती झाल्यावर. तोंडं साफ, अँटीसीझ नवं, आटे नीट, चकतीला भोकांभोवती चीर नाही ना. पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर वाट न बघता लगेच. समुद्रावर वाळूत गाडी घालत असाल तर ते सोडाच, बऱ्याच किनाऱ्यांवर मनाई आहे आणि कासवांच्या अंड्यांचाही प्रश्न आहे.

पंक्चरच्या दुकानात आधीच सांगा, "दादा, याला स्पेसर आहे, गन नको, हाताने लावा, शेवटचं मी आवळतो." टॉर्क रेंच डिक्कीत ठेवा. बोल्टवाल्या गाडीत मूळ आखूड बोल्टांचा सेट स्टेपनीसोबत पिशवीत बांधून ठेवायचाच, कारण स्टेपनी स्पेसरशिवाय लावली आणि लांब बोल्ट घातले तर ते आत जाऊन ब्रेक फाडतील. घरात दुसरं कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही हे दाखवून ठेवा.

काढताना स्पेसर हबला चिकटलेला निघाला तर कडेने छिन्नी घालू नका, तोंडाला ओरखडा पडला की ती चकती बाद. गंज सैल करणारा स्प्रे लिपच्या सांध्यावर मारा, ब्रेक डिस्कवर उडू नये म्हणून कापड धरा, अर्धा तास थांबा आणि मग लाकडी ठोकळा लावून चारही बाजूंनी आळीपाळीने हलके ठोके द्या. नाहीच सुटला तर परत स्प्रे, परत थांबा. निघाल्यावर डिस्क ब्रेक क्लीनरने धुवा आणि चकती पुन्हा लावण्याआधी काचेवर सपाट ठेवून डुगडुगते का ते बघा.